चौकोन दिसले म्हणून फाइल खराब झाली असं समजू नका

'एकोडी, जिल्हा भंडारा' हा पत्ता घ्या. देवनागरीची सोय चालू नसलेल्या विंडोज एक्सपीवर, अक्षरं असलेला एखादा फॉन्ट असला, तरी काय दिसायचं? 'एकोडी' ठीकठाक. पण 'जिल्हा' मोडायचा: पहिली वेलांटी 'ज'च्या आधी न येता नंतर, 'ल'चा पाय मोडका आणि 'हा' सुटा. फॉन्टच नसेल तर नुसते चौकोन.

असं का? युनिकोड अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतं: आधी 'ज', मग वेलांटी. वेलांटी अलीकडे आणणं, जोडाक्षर बांधणं हे दाखवणाऱ्या प्रणालीचं काम. 'एकोडी'त पहिली वेलांटी नाही, जोडाक्षरही नाही, म्हणून ते वाचलं. विंडोज २००० मध्ये ही सोय 'मंगल' फॉन्टसह आली. पण तिथे आणि २००१च्या एक्सपीतही ती आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये खूण करून बहुधा सीडी घालावी लागे. २००७च्या व्हिस्टापासून ही कटकट संपली.

मग त्याआधी मराठी मजकूर कसा टाइप व्हायचा? मानक तर होतं. १९९१मध्ये भारतीय मानक ब्युरोचं 'इस्की' आलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिची देवनागरी १९८८च्या इस्कीवर बेतलेली. पण छापखान्याला मजकूर आज पडद्यावर दिसायला हवा होता. म्हणून अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले. काम झालं, पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल रोमन अक्षरांचा गोंधळ दिसते.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे: साठवणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकोन किंवा सुटी वेलांटी दिसली, तर मजकूर बहुधा शाबूत असतो. फॉन्ट आणि सेटिंग बघा. रोमन गोंधळ दिसला, तर कोणता फॉन्ट होता ते शोधा, रूपांतर करा आणि ओळ न ओळ तपासा.

शोध घेतानाही जपा. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी 'अ' आणि वरची चंद्रकोर वेगवेगळी टाइप व्हायची. दिसायला सारखंच, पण एक रूप शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. तेव्हा 'हा शब्द त्या काळात आढळत नाही' असं लिहिण्याआधी दोन्ही रूपं शोधा.

आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. रूपांतरित प्रत वेगळी ठेवा, सोबत फॉन्टचं नाव लिहून ठेवा.