कॅसेटवरच्या मुंग्या

टीव्हीच्या पडद्यावर चित्राऐवजी काळे-पांढरे ठिपके वळवळू लागले, की आपण ‘मुंग्या आल्या’ म्हणायचो. शब्द घरगुती, पण चपखल. जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवताना याच मुंग्या पुन्हा भेटतात आणि त्या पुसून चित्र लख्ख करावे असे कोणालाही वाटते. मात्र त्या आल्या कुठून, हे आधी पाहिलेले बरे.

चित्र फितीवर धरून ठेवण्याची विद्या फार जुनी नाही. अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये शिकागोला आपले यंत्र जगाला दाखवले. दोन इंच रुंद फीत आणि कपाटाएवढे धूड! चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या ज्या गटाने ते घडवले, त्यात रे डॉल्बी नावाचा एक तरुण होता. ध्वनिफितीवरची सरसर कमी करणारी पद्धत पुढे याच डॉल्बीच्या नावाने जगभर पोचली.

ही विद्या घरात आणायची तर काटकसर आलीच. जपानच्या जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस आणले. फीत अर्धा इंच रुंद, आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत तिचा वेग सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर. एवढ्याशा जागेत सगळे मावणार कसे? म्हणून चित्रातले बारकावे छाटले गेले. रंगांची माहिती तर आणखी आकसून खालच्या कंप्रतेवर कोंबली गेली. लाल शालूचा रंग काठाबाहेर ओघळलेला दिसतो, अंधाऱ्या कोपऱ्यात रंगीत डाग हलतात, त्याचे मूळ इथे आहे.

भारतात दूरदर्शन रंगीत झाले १९८२ मध्ये. त्या सुमारास आखातातून आणि बोटीवरून परतणाऱ्या गोंयकारांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागला. मग लग्ने, मुंजी, देवळासमोरच्या मांडवातली मराठी नाटके, दशावतारी काला, असे बरेच काही कॅसेटवर चढले. रात्रीचा प्रयोग, मोजका उजेड. अशा वेळी कॅमेरा क्षीण चित्र ताणून मोठे करतो, तेव्हा मुंग्याही मोठ्या होतात. त्यात आखातातल्या भावाला पाठवायला कॅसेटची प्रत काढली, तिची आणखी कोणी काढली. प्रत्येक प्रतीत मुंग्यांची भर पडत गेली.

त्या कमी करण्याची मुख्य युक्ती साधी आहे. मुंगी एका चित्रात इथे असते, पुढच्या चित्रात तिथे. भिंत मात्र जागची हलत नाही. म्हणून लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढली, की भिंत उरते आणि मुंग्या विरतात. चार चित्रांची सरासरी घेतली तर गोंगाट निम्म्यावर येतो. पण पात्र हलले, की त्याच्यामागे भुतासारखी सावली ओढली जाते. म्हणून चांगली सॉफ्टवेअर आधी हालचाल ओळखतात, मगच सरासरी काढतात. दुसरी युक्ती म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांना एकमेकांत मिसळणे. तिने मुंग्या जातात, पण शालूची जर आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात.

आता जांबावलीचा गुलाल डोळ्यांसमोर आणा. हवेत उधळलेला गुलालाचा कण एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. यंत्राच्या लेखी तो आणि मुंगी यांत फरक नाही. सफाईचा काटा जोरात फिरवला, तर माणसे राहतील, देऊळ राहील आणि गुलालच तेवढा नाहीसा होईल. जो क्षण टिपायला कॅमेरा नेला होता, तोच पुसला जाईल. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर पुसलेल्या जागी स्वतःच्या अंदाजाने चेहरा रेखाटतात. तो नीटस असेल, पण आपल्या आजोबांचाच असेल याची खात्री नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आपल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चित्र थरथरत असेल तर उतरवतानाच टाइम बेस करेक्टर लावावा. मग जसे आहे तसे, मुंग्यांसकट, कमीत कमी दाबून उतरवावे आणि ती मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवावी. सफाई करायची ती तिच्या प्रतीवर. उद्या अधिक चांगले साधन आले, तर पुन्हा मुळाकडे जाता येईल.

वेळ मात्र फार नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चुंबकीय फिती वाचवण्यासाठी हाती थोडीच वर्षे उरली आहेत, असा इशारा युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये दिला होता. गावच्या रंगमंचावर उभे राहिलेले कित्येक कलाकार कॅसेटखेरीज दुसरीकडे कुठेच दिसणार नाहीत. मुंग्यांतून का होईना, ते आधी उतरवून घेऊया.