‘सामान्य प्रेक्षक’ आणि बदनामीचा अर्थ

शब्दाचा अर्थ कोणाच्या दृष्टीने ठरवावा, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त वाच्यार्थापलीकडील ध्वनीचा विचार मांडला, तेव्हा तो जाणणारा ‘सहृदय’ त्याने गृहीत धरला. अब्रुनुकसानीचा दावा ऐकणाऱ्या न्यायाधीशापुढेही मूलतः हाच प्रश्न असतो. उघड आरोप नसला, तरी मजकुरातून काय सूचित होते आणि ते कोणाला जाणवते, हे त्याला ठरवावे लागते. मात्र न्यायालयाने आपला प्रमाणभूत वाचक सहृदयांतून नव्हे, तर सामान्य माणसांतून निवडला. या निवडीचे परिणाम दूरचित्रवाणीच्या काळात विशेष प्रकर्षाने जाणवले.

भारतात बदनामीचा फौजदारी गुन्हा १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये व्याख्याबद्ध झाला; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. त्यात हेतू व जाणीव यांना स्थान आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा मात्र संहिताबद्ध नाही. तो मुख्यतः इंग्लिश न्यायनिर्णयांच्या आधाराने घडला. त्या परंपरेत ‘हल्टन विरुद्ध जोन्स’ (१९१०) हा निर्णय महत्त्वाचा ठरला. एका वृत्तपत्राने रंगवलेल्या काल्पनिक पात्राचे नाव एका हयात वकिलाच्या नावाशी जुळले होते. ते पात्र काल्पनिक असल्याचा बचाव हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने अमान्य केला. लेखकाचा हेतू अशा रीतीने बाजूला पडला. उरला तो वाचक.

या वाचकाचे स्वरूप ‘लुइस विरुद्ध डेली टेलिग्राफ’ या १९६३ च्या निर्णयात स्पष्ट झाले. एका कंपनीच्या व्यवहारांची पोलिसांचे फसवणूकविरोधी पथक चौकशी करीत असल्याचे वृत्त छापले गेले होते. त्यातून कंपनीने फसवणूक केली असा अर्थ निघतो, असे वादींचे म्हणणे. लॉर्ड रीड यांच्या मते सामान्य वाचक ओळींमधले वाचतो; पण समंजस वाचक कुचाळकीला हपापलेला नसतो. चौकशी म्हणजे अपराध नव्हे, हे तो जाणतो. म्हणून त्या वृत्तातून अपराधाचा अर्थ निघू शकत नाही, असे ठरले.

छापील मजकुराकडून बोलक्या चित्राकडे संक्रमण त्यापूर्वीच सुरू झाले होते. ‘रास्पुतिन अँड द एम्प्रेस’ (१९३२) या चित्रपटातील नताशा ही राजकन्या रास्पुतिनच्या अत्याचाराला बळी पडल्याचे सूचित केले होते. ही नताशा म्हणजे आपणच, असे लोक समजतात, असा दावा राजकन्या इरिना यूसुपोव्ह यांनी केला. अत्याचाराने स्त्रीच्या चारित्र्याला बट्टा लागत नाही, म्हणून ही बदनामीच नव्हे, हा युक्तिवाद तत्त्वतः बिनतोड वाटतो. परंतु लोक तिला टाळू लागतील, हे वास्तव लंडनच्या अपील न्यायालयाने १९३४ मध्ये ग्राह्य मानले व २५,००० पौंडांची भरपाई कायम केली. सामान्य प्रेक्षकाचा पूर्वग्रहही अर्थनिर्णयात शिरतो, तो असा.

दूरचित्रवाणीचे वेगळेपण ‘स्क्यूस विरुद्ध ग्रॅनडा टेलिव्हिजन’ (१९९३) या खटल्यात अधोरेखित झाले. वादग्रस्त कार्यक्रम १९८५ चा होता. तो एकदाच पाहणाऱ्या समंजस प्रेक्षकावर जो ठसा उमटेल, तोच अर्थ. वकील दस्तऐवजाची किंवा विद्वान शोधनिबंधाची करतो तशी चिकित्सा येथे गैरलागू आहे, असे अपील न्यायालयाने सांगितले.

या तत्त्वाची कसोटी पुण्यातील एका दाव्यात दिसते. १० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ वृत्तवाहिनीने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याचे वृत्त दिले. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्या न्यायमूर्तींच्या जागी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे १५ सेकंद झळकले. निवेदनातील मजकूर एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा! बदनामीकारक अर्थ जन्मला तो त्यांच्या संयोगातून. वाहिनीने पुढे दिलगिरी प्रसारित केली. तथापि २६ एप्रिल २०११ रोजी पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा दिला. अपिलाच्या काळात २० कोटी रुपये जमा करण्याची व ८० कोटींच्या बँक हमीची अट मुंबई उच्च न्यायालयाने घातली. तीत हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये नकार दिला.

एवढ्या रकमेच्या धाकाने वृत्तमाध्यमे दबतील, ही टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु अर्थ ठरवणे आणि भरपाई ठरवणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. रकमेविषयी मतभेद संभवतो. त्या १५ सेकंदांच्या अर्थाविषयी मात्र तो फारसा संभवत नाही. सहृदय काव्याकडे पुन्हा पुन्हा वळतो व दर वेळी नवा अर्थ शोधू शकतो. सामान्य प्रेक्षक वृत्त एकदा पाहतो आणि उठून जातो. पुढे प्रसारित होणारी दिलगिरी त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. न्यायालयाने त्याची दृष्टी प्रमाण मानली, याचे मर्म येथे आहे.