कॅनडातील खनिज तेल व वायू उद्योग : भूगर्भसंपत्तीच्या मालकीचा वाद

प्रस्तावना

जगातील प्रमुख तेलउत्पादक देशांत कॅनडाची गणना होते. या देशात दररोज सुमारे ५० लाख पिंपे खनिज तेल काढले जाते आणि त्यांतील फार मोठा वाटा अल्बर्टा या एकाच प्रांताचा आहे. या उद्योगासंबंधीची चर्चा सामान्यतः पर्यावरण, तेलवाहिन्या आणि जागतिक भाव यांभोवती फिरते. हे विषय महत्त्वाचे आहेतच. तथापि कॅनडाचा इतिहास पाहता या साऱ्या वादांच्या मुळाशी एक जुनाच प्रश्न असल्याचे दिसून येते. जमिनीखालचे तेल कोणाचे? प्रांताचे, संपूर्ण संघराज्याचे, की त्या भूमीवर शतकानुशतके राहत आलेल्या मूळ रहिवाशांचे? या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत कोणती उत्तरे दिली गेली आणि त्या उत्तरांची किंमत कोणी मोजली, याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१९३० चा करार आणि अनुपस्थित पक्ष

कॅनडातील तेलाचा इतिहास अल्बर्टात सुरू होत नाही. १८५८ मध्ये आजच्या ओंटारिओ प्रांतातील ऑइल स्प्रिंग्ज येथे जेम्स मिलर विल्यम्स याने तेलविहीर खोदली होती. परंतु मालकीच्या वादाची पाळेमुळे घटनात्मक व्यवस्थेत आहेत. १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्यातील कलम १०९ अन्वये संघराज्यात सामील झालेल्या प्रांतांच्या जमिनी, खाणी व खनिजे त्या त्या प्रांतांकडेच राहिली. भारतीय संविधानात तेलक्षेत्रांचे नियमन व विकास हा विषय संघसूचीत आहे, हे लक्षात घेतल्यास कॅनडातील व्यवस्थेचे वेगळेपण चटकन ध्यानात येते.

१९०५ मध्ये अल्बर्टा आणि सस्काचेवान हे प्रांत निर्माण करण्यात आले तेव्हा मात्र हे तत्त्व त्यांना लागू झाले नाही. पश्चिमेकडे वसाहती वसवायच्या आहेत, या कारणास्तव ओटावाच्या केंद्र सरकारने तेथील जमीन व खनिजे आपल्याकडेच ठेवली आणि प्रांतांना त्याबदली अनुदान दिले. आपल्याला दुय्यम प्रांत म्हणून वागविले जाते, ही पश्चिमेची भावना येथूनच बळावली. पुढे १४ डिसेंबर १९२९ रोजी पंतप्रधान मॅकेन्झी किंग व अल्बर्टाचे प्रधानमंत्री जॉन ब्राउनली यांनी नैसर्गिक संसाधनांच्या हस्तांतरणाचा करार केला. तो १९३० मध्ये अमलात आला. त्या वेळी अल्बर्टात टर्नर व्हॅली हे १९१४ मध्ये सापडलेले तेल-वायूक्षेत्र होते खरे; परंतु आपण कोणत्या संपत्तीवर सही करीत आहोत, याची कल्पना दोघांपैकी एकालाही असणे शक्य नव्हते.

या करारात आणखी एक उणीव होती. अल्बर्टाची बहुतेक भूमी १८७६, १८७७ व १८९९ मधील तहांच्या कक्षेत येत होती. हे तह म्हणजे भूमीचा सामाईक उपयोग करण्याचे वचन, अशी मूळ रहिवाशांची धारणा होती, तर सरकार त्यांना भूमीचा कायमचा त्याग समजत होते. १९३० च्या करारात त्यांच्या शिकारीच्या व मासेमारीच्या हक्कांचा उल्लेख आहे, राहून गेलेल्या राखीव भूमीची तरतूदही आहे. पण करार करताना त्यांना कोणी विचारले नाही. पुढील नव्वद वर्षांतील अनेक न्यायालयीन लढ्यांचे बीज या न विचारण्यात आहे.

लेड्यूक ते १९७३

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनच्या दक्षिणेस लेड्यूक येथे इम्पीरियल ऑइल कंपनीला तेल लागले. त्यापूर्वी या कंपनीच्या १३३ विहिरी कोरड्या गेल्या होत्या. लेड्यूकनंतर अल्बर्टाचे अर्थकारण पालटले. शेतीवर जगणारा, मंदीत होरपळलेला प्रांत एकाएकी स्वामित्वधनावर चालू लागला.

तेल सापडले, परंतु समुद्र दूर होता. १९५० मध्ये पूर्वेकडे अमेरिकेतील सुपीरियरपर्यंत आणि १९५३ मध्ये पश्चिमेकडे पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तेलवाहिन्या टाकल्या गेल्या. प्रांताच्या हद्दीतील खनिजावर प्रांताची सत्ता, परंतु हद्द ओलांडणाऱ्या वाहिनीवर केंद्राची, अशी ही विभागणी होती. अल्बर्टाने १९५४ मध्ये प्रांतांतर्गत वायुवाहिन्यांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापली ती केंद्राचा हात सीमेपाशीच थोपविण्यासाठी. १९५६ मध्ये ट्रान्स-कॅनडा वायुवाहिनीच्या कर्जावरून ओटावाच्या संसदेत चर्चा बळेच आटोपती घेण्यात आली. त्या रोषाचा लिबरल पक्षाच्या १९५७ च्या पराभवात मोठा वाटा होता. १९६१ च्या तेलधोरणाने ओटावा नदीच्या खोऱ्यालगत एक रेषा आखली. रेषेच्या पश्चिमेस अल्बर्टाचे महाग तेल वापरायचे, पूर्वेस क्वेबेक आदी प्रांतांनी व्हेनेझुएला वगैरे देशांतून स्वस्त तेल आणायचे. म्हणजे बारा वर्षे ओंटारिओच्या ग्राहकाने अल्बर्टाच्या तेलाला चढा भाव दिला. पश्चिमेच्या तक्रारींच्या यादीत या गोष्टीचा उल्लेख क्वचितच आढळतो.

राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम

१९७३ मध्ये जागतिक भाव भडकले आणि चित्र उलटे झाले. आता अल्बर्टाला जागतिक भाव हवा होता, तर औद्योगिक पूर्वेला स्वस्त तेल. पिएर ट्रुडो यांच्या सरकारने देशांतर्गत भाव गोठविला, निर्यातीवर कर बसविला आणि १९७५ मध्ये पेट्रो-कॅनडा ही सरकारी कंपनी स्थापन केली. अल्बर्टाचे प्रधानमंत्री पीटर लॉहीड यांनी या साऱ्यास विरोध केला.

संघर्षाचा कळस १९८० मध्ये झाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतील निवडणुकीत लिबरल पक्षाला बहुमत मिळाले. मात्र ओंटारिओच्या पश्चिमेस त्याला अवघ्या दोन जागा मिळाल्या, त्याही मॅनिटोबात. अल्बर्टातून एकही प्रतिनिधी नसलेल्या सरकारने २८ ऑक्टोबर १९८० रोजी अर्थसंकल्पातून राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. ऊर्जामंत्री मार्क लालोंद यांच्या या कार्यक्रमात तेल-वायूच्या उत्पन्नावर नवा केंद्रीय कर होता, देशांतर्गत भाव जागतिक भावापेक्षा कमी राखण्याची योजना होती, केंद्राच्या ताब्यातील भूमीवरील क्षेत्रांत सरकारला २५ टक्के हिस्सा होता आणि १९९० पर्यंत उद्योगाची निम्मी मालकी कॅनेडियन व्हावी असे उद्दिष्ट होते. यांतील शेवटचे उद्दिष्ट अवास्तव म्हणता येणार नाही, कारण तेव्हा हा उद्योग बहुतांशी अमेरिकी कंपन्यांच्या हाती होता.

दोनच दिवसांनी लॉहीड यांनी दूरचित्रवाणीवरून प्रांताला उद्देशून भाषण केले. तेल प्रांताचे आहे आणि ते किती काढायचे हे प्रांत ठरवील, ही त्यांची भूमिका होती. दररोजचे उत्पादन तीन टप्प्यांत १ लाख ८० हजार पिंपांनी घटविण्याचे त्यांनी जाहीर केले. पहिले दोन टप्पे अमलातही आले. अखेर १ सप्टेंबर १९८१ रोजी ट्रुडो व लॉहीड यांच्यात भावाविषयी समझोता झाला. त्या प्रसंगी दोघांनी शॅम्पेनचे पेले उंचावल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि पुढे लॉहीड यांना त्याचा पश्चात्ताप झाला. कारण समझोत्याची सारी गणिते भाव चढतच राहतील या गृहीतावर बेतलेली होती आणि भाव उतरू लागले होते. मलरोनी सरकारने १९८५ मध्ये हा कार्यक्रम मोडीत काढला.

येथे इतिहासकाराने सावध राहिले पाहिजे. ऐंशीच्या दशकातील अल्बर्टाच्या मंदीचे सारे खापर या कार्यक्रमावर फोडण्याची तेथे रीत आहे. कार्यक्रमाने हानी केली यात संशय नाही. परंतु त्याच काळात व्याजदर विक्रमी होते, जगभर मंदी होती, आणि १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला तेव्हा तो कार्यक्रम अस्तित्वातच नव्हता. लोकस्मृतीने मात्र आपला निर्णय केव्हाच दिला होता.

१९८२ चे संविधान आणि लुबिकॉन क्री

या संघर्षातून प्रांतांच्या पदरात कायमस्वरूपी काही पडले असेल तर ते १९८२ च्या संविधानातील कलम ९२अ. अनवीकरणीय संसाधनांचा शोध व विकास यांवरील प्रांतांचा अधिकार त्याने अधिक भक्कम केला. त्याच संविधानाच्या कलम ३५ ने मूळ रहिवाशांच्या पारंपरिक व तहजन्य हक्कांना मान्यता दिली. एकाच दस्तऐवजात दोन दावे नोंदविले गेले. ते एकाच जमिनीवर आदळल्यास काय करावे, हे ठरविणे न्यायालयांवर सोपविले गेले.

आदळणे म्हणजे काय, हे उत्तर अल्बर्टातील लुबिकॉन क्री या छोट्या समूहाच्या उदाहरणावरून कळते. १८९९ च्या तहाचे अधिकारी त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. पुढे राखीव भूमीचे आश्वासन मिळाले, पण भूमी मिळाली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या प्रदेशात रस्ता गेला, त्यामागून तेलकंपन्या आल्या. मूस हरणांची शिकार व फासे लावून मिळविलेली कातडी यांवर जगणारे लोक काही वर्षांतच सरकारी मदतीवर आले. प्रमुख बर्नार्ड ओमिनायाक यांनी १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. १९९० मध्ये समितीने त्यांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाल्याचा निर्वाळा दिला. प्रत्यक्ष तडजोड झाली ती २०१८ मध्ये. तोवर त्या भूमीतून निघालेल्या तेलाचे स्वामित्वधन प्रांताच्या तिजोरीत केव्हाच जमा होऊन गेले होते.

तेलवाळू आणि समुद्राची वाट

अथाबास्का नदीच्या परिसरातील वाळू दाट डांबरासारख्या बिट्युमेनने माखलेली आहे. उष्ण पाण्याने ते वेगळे करण्याची पद्धत कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात विकसित केली. मोठे व्यापारी उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. भूपृष्ठालगतचा थोडा साठा खोदून काढता येतो, उरलेल्यासाठी जमिनीत वाफ सोडावी लागते. दोन्हींना प्रचंड ऊर्जा लागते. त्यामुळे देशाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात तेल-वायू उद्योगाचा वाटा सुमारे तीन दशांश झाला. कॅनडाने २००२ मध्ये क्योटो करारास मान्यता दिली आणि २०११ मध्ये त्यातून माघार जाहीर केली, त्यामागे हेही एक कारण होते.

या तेलाची अनेक दशके ९० टक्क्यांहून अधिक निर्यात एकट्या अमेरिकेला होत राहिली. एकच गिऱ्हाईक असल्याने भाव पडतो, म्हणून उद्योगाला समुद्र हवा होता. नॉर्दर्न गेटवे प्रकल्पाची मंजुरी न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली, एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये बारगळला, अमेरिकेच्या दक्षिणेकडे जाणारी कीस्टोन एक्सएल २०२१ मध्ये बायडेन यांनी थांबविली. ट्रान्स माउंटनचा विस्तार केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्वतःच विकत घेतला. त्याच वर्षी संघीय अपील न्यायालयाने मूळ रहिवाशांशी पुरेशी सल्लामसलत झाली नाही, म्हणून त्याची मंजुरी रद्द ठरविली. पुन्हा मंजुरी मिळून मे २०२४ मध्ये ती वाहिनी सुरू झाली तेव्हा खर्च सुमारे ३४ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेला होता. सल्लामसलत ही केवळ औपचारिकता नाही, हा धडा सरकारला बराच महाग पडला.

मूळ रहिवासी सरसकट उद्योगविरोधी आहेत, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. फोर्ट मॅके व मिकिसू क्री या समूहांनी २०१७ मध्ये एका तेलसाठवण प्रकल्पाचा ४९ टक्के हिस्सा विकत घेतला. ब्रिटिश कोलंबियातील कोस्टल गॅसलिंक वायुवाहिनीस मार्गावरील निवडून आलेल्या परिषदांची संमती होती, तर वेत्सुवेतेन समूहाच्या वंशपरंपरागत प्रमुखांचा विरोध. २०२० च्या प्रारंभी त्यावरून देशभर रेल्वेमार्ग अडविले गेले. समूहाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हाही मालकीच्याच प्रश्नाचा एक भाग आहे.

निधी आणि देणे

लॉहीड यांनी १९७६ मध्ये वारसा निधी स्थापन करून तेल-वायूच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग त्यात टाकण्याची व्यवस्था केली होती. १९८३ मध्ये हा भाग निम्मा झाला आणि १९८७ मध्ये भरणाच थांबला. २००६ मध्ये तर प्रांताने शिलकीतून प्रत्येक रहिवाशाला ४०० डॉलरचा धनादेश वाटला. नॉर्वेने १९९० मध्ये निधीचा कायदा केला; त्याचा निधी आज एक हजार अब्ज अमेरिकी डॉलरांच्या पुढे आहे, अल्बर्टाचा काही दशक अब्जांवर अडला आहे. या फरकाचा दोष ओटावाला देता येत नाही.

मालकीची दुसरी बाजू म्हणजे देणे. दिवाळखोर कंपन्यांनी सोडून दिलेल्या विहिरी अल्बर्टात बेवारस विहिरी म्हणून नोंदविल्या जातात. २०१९ मध्ये रेडवॉटर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेतून विहिरींची सफाई आधी आणि धनकोंची वसुली नंतर, असा निर्णय दिला. परंतु मालमत्ताच उरली नसेल तर निर्णय निरुपयोगी ठरतो. साऱ्या उद्योगाच्या सफाईचा अंदाज प्रांताचा नियामक जाहीरपणे ५८ अब्ज डॉलर सांगत असताना त्याच्याच एका अधिकाऱ्याच्या सादरीकरणात २६० अब्जांचा आकडा होता, हे २०१८ मध्ये उघडकीस आले. एप्रिल २०२० मध्ये निकामी व बेवारस विहिरी बुजविण्यासाठी केंद्राने पश्चिमेच्या तीन प्रांतांना १.७ अब्ज डॉलर दिले. त्यांतील १ अब्जापर्यंतची रक्कम अल्बर्टाच्या वाट्याची होती आणि ती प्रांताने स्वीकारली.