काकांचं बिल आणि विज्ञानेश्वर

मागच्या महिन्यात लातूरला मोठ्या काकांना ॲडमिट करायची वेळ आली. काउंटरवर विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" म्हटलं, पुतण्या. "मग इथे सही करा." बिलाची संपूर्ण जबाबदारी माझी, असं फॉर्मवर छापलं होतं. केली सही. बाहेर आलो तर आत्तेभाऊ म्हणाला, "अरे, तू काय त्यांचा मुलगा आहेस का? कशाला अडकलास?"

काकू गेल्या, मूलबाळ नाही. बिल झालं पावणेदोन लाख. त्यातले ऐंशी हजार अजून बाकी आहेत आणि घरात अबोला सुरू आहे.

बग सापडला की मागचे लॉग वाचत जायचं, ही आमची सवय. तसाच या प्रश्नाचा इतिहास वाचत गेलो आणि गंमत म्हणजे निलंग्यापलीकडे, बसवकल्याणला पोचलो. तिथे चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. धर्मशास्त्राचा हिशोब असा: बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचं, आजोबांचं नातवाने फक्त मुद्दल. दारू-जुगारापायी केलेलं कर्ज मात्र मुलावर येत नाही. आणि आमच्या कामाचा नियम म्हणजे, जो मालमत्ता घेतो त्याने कर्जही घ्यायचं.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातली न्यायालयं वडिलांकडून छदाम मिळाला नसला तरी मुलाला जबाबदार धरत. १८६६च्या कायद्याने ते थांबवलं. जेवढा वारसा मिळाला, तेवढ्यापुरतंच कर्ज. (विधवेशी लग्न करणाऱ्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज येणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहावं लागलं!) लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे या कायद्याबाहेर. पुढे २००५च्या हिंदू वारसा दुरुस्तीने, केवळ मुलगा म्हणून बापाचं नवं कर्ज फेडण्याचं धार्मिक बंधन कोर्टापुरतं संपवलं.

म्हणजे आत्तेभाऊ बरोबर? अर्धाच. एक तर मी सही केली आहे. हॉस्पिटल माझ्याकडे पैसे मागेल ते नात्यापोटी नाही, त्या कागदापोटी. दुसरं, २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसाकडे आहे किंवा जाणार आहे, त्याची ऐपत असेल तर निर्वाहाची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि निर्वाहात औषधोपचारही धरले आहेत. हा हक्क काकांचा आहे, हॉस्पिटलचा नाही. पण तत्त्व तेच, मालमत्ता घेणाऱ्याने भारही घ्यायचा.

काकांची औशाजवळ चार एकर जमीन आहे. वारस म्हणजे बाबा आणि आत्या. त्या जमिनीचा विषय निघाला की आम्ही सगळे सख्खे. बिलाचा निघाला की कोण किती लांबचा, ते मोजायला बसतो.

असो. तुमच्यावर वेळ आलीच तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे लागू आहे का? आणि हॉस्पिटल धर्मादाय आहे का? असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी लातूरला जातोय. आत्तेभावाला फोन करून सांगितलंय, चार एकरांचं आणि ऐंशी हजारांचं एकाच बैठकीत बोलू. तो "बघू" म्हणाला.