किल्ल्या हवालदाराकडे : संगणक प्रशासकाचा पासवर्ड का मागतो?

१/ रत्नागिरीची मांडवी आज किनारा आणि जेटी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. ‘मांडवी’ या शब्दाचा जुना अर्थ मात्र जकातीचे ठाणे असा आहे. बंदरात उतरलेला माल व्यापाऱ्याच्या मालकीचा असला, तरी दस्तक हाती पडल्याशिवाय तो पुढे हलत नसे. माल कोणाचा हा एक प्रश्न आणि तो आत नेण्याची परवानगी आहे का, हा दुसरा. संगणकात नवा प्रिंटर किंवा प्रोग्रॅम बसवताना पडद्यावर चौकट उमटते आणि प्रशासकाचा, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटरचा, पासवर्ड मागते. तीही हा दुसराच प्रश्न विचारत असते. त्या प्रश्नाचा इतिहास या धाग्यात. 🧵

२/ मांडवीच्या किनाऱ्यावरून रत्नदुर्ग दृष्टीस पडतो. शिवकाळात गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीनुसार हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे बरोबरीच्या मानाचे अधिकारी असत आणि त्यांनी मिळून कारभार करायचा असे. धान्यसाठ्यासाठी कारखानीस वेगळा. दरवाजे लावणे आणि किल्ल्या सांभाळणे ही जबाबदारी हवालदाराची. गडावर शेकडो माणसे नांदत. पण गडावर राहणे आणि गडाचा दरवाजा उघडण्याचा अधिकार असणे, या दोन गोष्टी भिन्न होत्या.

३/ ‘पासवर्ड’साठी मराठीत रूढ झालेला ‘परवलीचा शब्द’ हा मुळात पहाऱ्याचाच शब्द. अंधारात चेहरा दिसत नाही, तेव्हा ठरलेल्या शब्दावरून आपला कोण आणि परका कोण हे ओळखायचे. संगणकालाही चेहरा दिसत नव्हता. म्हणूनच संगणकाच्या जगात हा शब्द आला.

४/ १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एक अवाढव्य यंत्र आणि ते आळीपाळीने वापरणारे अनेक जण. प्रत्येकाच्या फायली खाजगी राहाव्यात आणि प्रत्येकाला नेमून दिलेला वेळच मिळावा, यासाठी पासवर्ड आले.

५/ कुलूप आले, तशी चोरवाटही आली. १९६२ साली अॅलन शेर या संशोधकाला नेमून दिलेला वेळ पुरेना. त्याने पासवर्डांची संपूर्ण फाईलच यंत्राकडून छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. पुढे १९६६ मध्ये याच प्रणालीतील एका दोषामुळे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. किल्ल्यांचा जुडगा चावडीवर टांगावा, तसाच हा प्रकार.

६/ यातून दोन धडे निघाले. पहिला धडा युनिक्स प्रणालीत दिसतो. तिथे सर्वाधिकारी ‘रूट’ हे खाते नेहमीच्या वापरकर्त्यांहून वेगळे ठेवले गेले. १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात ‘सुडो’ ही आज्ञा तयार झाली. तिच्यामुळे सामान्य वापरकर्त्याला एखाद्याच कामापुरता मोठा अधिकार घेता येऊ लागला. गडाच्या किल्ल्या कायमच्या हाती न देता एका फेरीपुरत्या द्याव्यात, तशी ही सोय.

७/ दुसरा धडा रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात आहे. यंत्राने पासवर्ड जसाच्या तसा जपूच नये. त्यावर गणिती प्रक्रिया करून, उलट फिरवता येणार नाही अशी खूण तेवढी जपावी. त्यामुळे आज विसरलेला पासवर्ड खुद्द प्रशासकालाही वाचून सांगता येत नाही. तो केवळ नवा घालून देऊ शकतो.

८/ घरातल्या संगणकांवर हे शहाणपण उशिरा पोहोचले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये बहुतेक घरांतील मंडळी थेट प्रशासकाच्या खात्यावरच काम करत. गडावरच्या प्रत्येकाच्या कमरेला दरवाजाची किल्ली! मग एखादा विषाणू आत शिरला, की त्यालाही तोच अधिकार मिळे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने यावर उपाय म्हणून परवानगीची चौकट आणली. लोक तिला वैतागले, पण ती टिकली.

९/ ही चौकट येते तेव्हा मागचा पडदा काळवंडतो. ती केवळ शोभा नाही. चौकट वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर उघडलेली असते, जेणेकरून दुसऱ्या प्रोग्रॅमला परस्पर ‘होय’ दाबता येऊ नये. खाते प्रशासकाचे असेल, तर बहुधा फक्त होय की नाही एवढेच विचारले जाते. खाते साधे असेल, तर प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. स्वतःचा पासवर्ड अचूक असूनही तो नाकारला जातो, त्याचे सर्वांत साधे कारण हेच.

१०/ पासवर्ड प्रशासकाचाच आहे, तरीही चालत नाही? मग आधी कॅप्स लॉक पाहावा आणि त्यानंतर कळफलकाची भाषा. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट चालू राहिला असेल, तर इंग्रजी समजून दाबलेली कळ देवनागरी अक्षर उमटवते आणि ठिपक्यांआड ते दिसत नाही. अनेक लिनक्स प्रणालींत तर ठिपकेही उमटत नाहीत. कळफलक बिघडलेला नसतो. पासवर्ड किती अक्षरांचा आहे, हेही बाजूच्याला कळू नये अशी ती जुनी रीत आहे.

११/ कधी चौकटीत पासवर्ड लिहायला जागाच नसते आणि ‘होय’ हे बटण फिके पडलेले असते. याचा अर्थ बहुधा असा, की त्या संगणकावर एकही प्रशासक खाते चालू राहिलेले नाही. गड आहे, माणसे आहेत, हवालदार मात्र नाही. एकमेव प्रशासक खाते साधे करून ठेवल्यावर असे घडते. अशा वेळी विंडोजच्या दुरुस्ती विभागातून मागच्या तारखेची स्थिती परत आणणे, हा पहिला मार्ग. तो साधला नाही, तर फायलींची प्रत काढून प्रणाली नव्याने बसवावी लागते. सक्तीने नवा पासवर्ड घातल्यास विंडोजच्या एनक्रिप्शनने कुलूपबंद केलेल्या फायली कायमच्या दुरावू शकतात, हेही ध्यानात असावे.

१२/ संगणक महाविद्यालयाचा किंवा कार्यालयाचा असेल, तर पळवाट शोधू नये. तिथला हवालदार म्हणजे संगणक विभाग. परवानगी त्याच्याकडेच मागावी.

१३/ शेवटी नाशिकजवळच्या रामसेजची गोष्ट. १६८२ पासून मोगल फौजा या गडाशी झुंजल्या, कित्येक वर्षे गेली, तरी तो बळाने हाती लागला नाही. अखेर किल्लेदार फितवून तो घेतला गेला. तट शाबूत होता, दरवाजाही शाबूत होता. आजचा ठग हाच मार्ग धरतो. तो संगणकाचे कुलूप फोडत बसत नाही. तो फोन करतो, कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करतो आणि ती चौकट आली की समोरच्याकडून ‘होय’ दाबून घेतो.

१४/ म्हणून चौकट उमटली की आधी एवढेच आठवावे : हे काम आपण स्वतः सुरू केले होते का? प्रिंटर आपणच जोडला असेल, तर पासवर्ड द्यावा. काहीही न करता चौकट अवतरली असेल, तर ‘नाही’ म्हणावे आणि कोणता प्रोग्रॅम दरवाजा ठोठावत आहे, त्याचे नाव वाचावे. ते नाव चौकटीतच लिहिलेले असते.