नळी किती लांब असावी?

तोफ चांगली की वाईट, हे शेकडो वर्षं एकाच गोष्टीवरून ठरायचं: गोळा किती लांब पडला. त्यात नळीचा वाटा किती, दारूचा किती आणि हवेनं किती खाल्लं, हे वेगळं काढता येत नव्हतं. ते जमवलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं, 1742 सालच्या त्याच्या तोफविद्येवरच्या पुस्तकात.

त्याचं साधन अगदी साधं. लोखंडी लंबक टांगायचा, त्यावर लाकडाची जाड फळी बसवायची आणि फळीवर गोळी झाडायची. लंबकाचं वजन 56 पौंडांहून थोडं जास्त, गोळी पौंडाच्या बाराव्या भागाची. गोळी फळीत रुतली की लंबक मागे झोका घेई आणि खाली बांधलेली फीत सरकत जाई. किती फीत ओढली गेली ते मोजायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. इतक्या वेगवान वस्तूचा वेग फितीवर मोजावा, ही कल्पना मला आजही थक्क करते.

नळीबद्दलचं त्याचं गणितही तितकंच सुंदर आहे. दारूचा वायू गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलतो, पण गोळी पुढे सरकते तशी वायूला जागा मिळते आणि दाब उतरत जातो. पाऊण इंच व्यासाच्या, 45 इंच लांब नळीसाठी त्याच्या हिशेबानं वेग आला सेकंदाला 1668 फूट. त्याच सूत्रात नळी दुप्पट करून पाहिली, तर वेग जेमतेम 11-12 टक्के वाढतो.

पल्ल्याचा मामला आणखी वेगळा. हवेचा अडथळा गोळ्याच्या आडव्या छेदावर अवलंबून, वजन मात्र व्यासाच्या घनानं वाढतं. म्हणून एकाच वेगानं सुटले तरी मोठा गोळा आपला वेग जास्त काळ टिकवतो. 1747 मध्ये रॉबिन्सनं आरमाराला सुचवलं, तोफांचं वजन तेवढंच ठेवा पण तोंड मोठं करा. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले बांधायला तो हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

1770 च्या दशकाअखेर स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यात तशा आखूड, रुंद तोंडाच्या तोफा ओतल्या गेल्या. या कॅरोनेडमध्ये दारू थोडी लागे, माणसं कमी लागत आणि जवळून मारा भयंकर होई. दुरून मात्र त्या लंगड्या पडत. 1814 मध्ये चिलीतल्या वालपराइसो बंदराजवळ अमेरिकेच्या ‘एसेक्स’ जहाजावर बहुतेक कॅरोनेडच होत्या. ब्रिटिश ‘फीबी’ लांब नळीच्या तोफा घेऊन अंतर राखून मारा करत राहिली आणि ‘एसेक्स’ला शरण जावं लागलं.