बी.एड. करायचं की डी.एल.एड.? आधी इयत्ता ठरवा, मग फी भरा

बी.एड. मोठी पदवी, म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत कुठंही शिकवता येईल, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षक भरतीसाठी बी.एड. पात्रता धरता येणार नाही. त्यामुळे मुलाला किंवा मुलीला कोणत्या वर्गाला शिकवायचंय, हे आधी ठरवा. नाहीतर दोन वर्षं आणि फी दोन्ही वाया जायची.

पहिली ते पाचवी
बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजेच पूर्वीचं डी.एड. ही पदविका आहे. प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो.

सहावी ते आठवी
पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., दोन्ही चालतं.

नववी-दहावी
पदवी आणि बी.एड. लागतं. बी.एड. दोन वर्षांचं आहे. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण हवेत. प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते.

अकरावी-बारावी
त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं.

बारावीनंतर थेट बी.एड.
बी.ए.-बी.एड., बी.एस्सी.-बी.एड. असा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम (आयटीईपी) आता निघालाय. पदवी तीन आणि बी.एड. दोन अशी पाच वर्षं लागतात, त्यातलं एक वर्ष वाचतं. यासाठी एनसीईटी ही देशपातळीवरची परीक्षा असते.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि एम.एड.
यात गल्लत करू नका. एम.ए. शिक्षणशास्त्र बी.एड. न करताही होतं, पण तेवढ्यावर शाळेत शिक्षक होता येत नाही. एम.एड. बी.एड.नंतर करतात. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर ते उपयोगी पडतं.

पदवीनंतर काय?
पदवी हातात आली म्हणजे नोकरी लागली असं नाही. पहिली ते पाचवीसाठी टीईटी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २ पास व्हावा लागतो. पेपर १५० गुणांचा असतो. खुल्या प्रवर्गाला ६०, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के गुण लागतात. एकदा पास झालं की प्रमाणपत्र कायम चालतं. पुढे शिक्षक अभियोग्यता चाचणी (टेट) द्यायची. झेडपी शाळांची भरती तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून होते.

फी भरण्याआधी हे बघा
कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. नियमित बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या सरावाला ९० टक्के हजेरी लागते. 'कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं कुणी सांगितलं, तर तिथं एक रुपयाही देऊ नका. प्रत्येक भरणाची पावती घ्या.